मोजलं काय आणि म्हटलं काय : शिक्षणावरचं संशोधन पारखायला शिकताना

शिक्षणशास्त्रातला शोधनिबंध पहिल्यांदा हाती घेतला की बहुतेक जण सुरुवातीचा सारांश वाचतात, मधली आकड्यांची पानं उलटतात आणि शेवटचा निष्कर्ष वहीत उतरवून घेतात. मीही बरीच वर्षं हेच केलं. अशा वाचनातून लेखकाचं म्हणणं कळतं, पण तसं म्हणायला त्याच्याकडे आधार काय होता, ते कळत नाही. तो आधार नेमका त्या मधल्या कंटाळवाण्या पानांत असतो. विद्यार्थ्यांचं शिकणं आणि त्यांची प्रेरणा या दोन्ही गोष्टी डोळ्यांना थेट दिसत नाहीत, त्यामुळे या विषयात ती पानं जास्तच महत्त्वाची. संख्याशास्त्र फारसं येत नसलं तरी त्यांतून वाट काढता येते. ती कशी, हे पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १ : कागद मूळ आहे का, ते बघा

हातात संशोधन आहे की संशोधनाबद्दलची ऐकीव गोष्ट, हे आधी ठरवा. ‘माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतो’ असं सांगणारा त्रिकोण तुम्ही एखाद्या प्रशिक्षणात पाहिला असेल. मी तो स्वतः दाखवलाय, भर सभागृहात, रंगवून. त्याखाली बहुधा एडगर डेल यांचं नाव असतं. डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू, म्हणजे शिकण्याचे अनुभव थेट कृतीपासून नुसत्या शब्दांपर्यंत लावून दाखवणारी आकृती, मांडला हे खरं, पण त्यात टक्केवारी अजिबात नव्हती. आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले आणि एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवले. खरं तर ते आकडे बघूनच शंका यायला हवी होती. माणसाची स्मरणशक्ती दहाच्या पाढ्यात चालत नाही.

तेव्हा बातमी, भाषण किंवा स्लाइड मिळाली असेल तर मूळ निबंधापर्यंत जा. ‘एरिक’ हा शिक्षणविषयक संशोधनाचा अमेरिकी संग्रह फुकट धुंडाळता येतो. गूगल स्कॉलरवर शीर्षक टाकलं तर अनेकदा पीडीएफ मिळते. नाहीच मिळाली तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बरेच संशोधक आपला निबंध मागणाऱ्याला आनंदानं पाठवतात.

पायरी २ : सारांश झाकून ठेवा

आता सरळ पद्धतीच्या भागाकडे जा. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘मोजलं काय’, उजवीकडे ‘म्हटलं काय’. आधी फक्त डावी बाजू भरा : किती मुलं, कोणत्या वयाची, त्यांच्याकडून काय करून घेतलं, किती दिवस, शेवटी काय तपासलं आणि कशानं. ही बाजू भरल्यावरच निष्कर्ष वाचून उजवी बाजू भरा.

माझ्या मते निम्मं काम इथंच होतं. डावीकडे ‘८४ मुलांनी ४० मिनिटांच्या तासानंतर सहा प्रश्नांची प्रश्नावली भरली’ आणि उजवीकडे ‘खेळातून शिकवल्यास गणिताची आवड वाढते’ असं समोरासमोर आलं, की मधली दरी कुणी दाखवून द्यावी लागत नाही.

पायरी ३ : मोजपट्टी हातात घेऊन बघा

इथं घाई करू नका. निबंधात ‘प्रेरणा’ हा शब्द असला तरी प्रत्यक्षात मोजलेली असतात ती प्रश्नावलीतली उत्तरं. ‘मला हा विषय आवडतो : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ…’ अशा खुणांची बेरीज म्हणजे प्रेरणा असं गृहीत धरलेलं असतं. आता मूल खूण करताना स्वतःची तुलना कुणाशी करतं? शेजारच्याशी. सगळा वर्ग रोज दोन तास अभ्यास करत असेल, तर दीड तास करणारी मुलगी स्वतःला आळशी समजते. म्हणून कडक शिस्तीच्या शाळेतली मुलं स्वतःच्या चिकाटीला कमी गुण देतात आणि सैल शाळेतली जास्त, असं उलटं चित्र निघू शकतं. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपान आणि दक्षिण कोरियाची मुलं गणितात वरच्या रांगेत असतात, पण ‘मला गणित जमतं’ या विधानाला मात्र ती फार कमी होकार देतात. दोन वेगळ्या शाळांतल्या किंवा देशांतल्या प्रश्नावल्यांच्या सरासऱ्या शेजारीशेजारी ठेवून कुणी काही सिद्ध करू लागला, की हे आठवा.

प्रश्नावलीशिवाय प्रेरणा मोजता येते का? येते, पण कष्ट पडतात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतली ५१ मुलं घेतली, सगळी मुळात चित्रं काढण्याची हौस असणारी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या खेळाच्या वेळात रंगीत पेनं ठेवून दिली आणि कोण आपणहून किती वेळ चित्र काढतं, हे आरशासारख्या काचेआडून मोजलं. बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांवर होती. इथं कुणालाही ‘तुला चित्रकला आवडते का’ असं विचारलेलं नाही. कुणी बघत नाही असं वाटत असताना मूल काय करतं, हीच मोजपट्टी. मुलं थोडी आहेत, तरी मापनासाठी मी हा प्रयोग नवख्यांना नेहमी वाचायला देतो.

शिकण्याच्या मापनातही असाच घोळ होतो. ‘विद्यार्थ्यांना जास्त समजल्यासारखं वाटलं’ आणि ‘विद्यार्थ्यांना जास्त समजलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांचं मत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांचं बरोबर उलटं. नुसत्या अभिप्रायावर विसंबलो असतो तर चुकीची पद्धत जिंकली असती.

चाचणी केव्हा घेतली, हेही बघा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधल्या प्रयोगात एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं तपासलं तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवलं आणि वाचणाऱ्यांना ४०. पद्धती त्याच, उतारा तोच, फक्त तारीख बदलली आणि निकाल फिरला. शिकवल्यावर लगेच चाचणी घेऊन थांबलेल्या निबंधाला मी म्हणूनच अर्धंच श्रेय देतो.

चाचणी कुणी तयार केली हा प्रश्नही सोडू नका. नवी पद्धत शोधणाऱ्यानंच प्रश्नपत्रिका काढली असेल, तर त्याच्या गटाला शिकवलेलंच नेमकं त्यात येतं. च्यूंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६ मध्ये ६४५ अभ्यास तपासले तेव्हा संशोधकानं स्वतः बनवलेल्या चाचण्यांवरचा परिणाम स्वतंत्र चाचण्यांवरच्या परिणामाच्या साधारण दुप्पट भरला.

जाता जाता शब्दांबद्दल. नवं नाव म्हणजे नवी गोष्ट असं समजू नका. ‘ग्रिट’ म्हणजे दीर्घकाळची चिकाटी खूप गाजली, पण २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून मांडलेल्या हिशेबात, तिचा मानसशास्त्रात कित्येक वर्षं ओळखीच्या असलेल्या कर्तव्यदक्षतेशी सहसंबंध ०.८४ निघाला (१ म्हणजे दोन्ही गोष्टी तंतोतंत बरोबरीनं कमी-जास्त होतात). म्हणजे बाटली नवी, आतलं बरंचसं जुनंच.

पायरी ४ : तुलना कुणाशी?

‘उपक्रमाआधी सरासरी ४२, नंतर ५८’ असं वाक्य दिसलं की थांबा. मधल्या चार महिन्यांत मुलं मोठी झाली, नेहमीचे तासही झाले, तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा पाहिली. यातलं किती उपक्रमाचं?

त्यातही मुलं ‘मागे पडलेली’ म्हणून निवडली असतील तर आणखी एक फसवणूक असते. कुठल्याही परीक्षेत तळाला आलेल्या वीस मुलांत काही खरोखर कच्ची असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. पुन्हा परीक्षा घ्या, काहीही न करता त्या वीस जणांची सरासरी वर सरकते, कारण वाईट दिवस सगळ्यांना दुसऱ्यांदा येत नाही. कित्येक उपचारात्मक वर्गांचं यश यातूनच आलेलं असतं. आणि हुशार मुलांसाठीचे उपक्रम ‘अपयशी’ का ठरतात, याचंही एक कारण हेच, कारण वरची मुलं सरासरीकडे खाली सरकतात.

म्हणून उपक्रम न मिळालेला दुसरा गट हवा आणि कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं हवं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ साली सुरू झालेला लहान वर्गांचा प्रयोग याचा नमुना आहे. १३ ते १७ मुलांचे वर्ग आणि २२ ते २५ मुलांचे वर्ग अशी विभागणी सोडत पद्धतीनं केली, मुलांचीच नव्हे, शिक्षकांचीही. शिक्षकांनी स्वखुशीनं नवी पद्धत निवडली असती तर तुलना पद्धतींची राहिलीच नसती. ती उत्साही आणि थकलेल्या शिक्षकांची झाली असती.

दुसऱ्या गटानं त्या वेळात काय केलं, हेही वाचा. पहिल्या गटाला रोज अर्धा तास जादा मिळाला आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर फरक पद्धतीचा की वेळेचा?

प्रत्येक वेळी प्रयोग शक्य नसतो, हे मान्य. मग सहसंबंधाचे अभ्यास येतात, आणि प्रेरणेच्या संशोधनात त्यांचाच भरणा आहे. ‘प्रेरित मुलांना गुण जास्त पडतात, म्हणून प्रेरणा वाढवा.’ पण गुण पडतात म्हणून आवड निर्माण होत असेल तर? कॅनडातल्या १,४७८ मुलांना प्राथमिक शाळेत काही वर्षं सलग पाहणारा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. आधीच्या गणितातल्या यशावरून नंतरची आवड सांगता आली, पण आधीच्या आवडीवरून नंतरचं यश सांगता आलं नाही. एका अभ्यासानं वाद मिटत नाही. पण एकदाच, एकाच दिवशी मोजलेल्या सहसंबंधातून बाणाची दिशा काढणारा निबंध दिसला, की शेजारी दुसऱ्या दिशेचा बाण काढून बघा. तोही तितकाच पटला, तर लेखकानं काही सिद्ध केलेलं नाही.

पायरी ५ : मोजणी मुलांची की वर्गांची?

ही पायरी नवख्यांकडून हमखास सुटते. एका वर्गाला नवी पद्धत, दुसऱ्याला जुनी, दोन्हींत तीस-तीस मुलं. लेखक लिहितो, नमुना ६०. खरं तर तुलना एका वर्गाची एका वर्गाशी आहे. एका वर्गातल्या मुलांना शिक्षक तोच, वेळापत्रक तेच, मागच्या बाकावरचा दंगाही तोच, म्हणून त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात.

थोडं गणित करू. गुणांतल्या एकूण फरकापैकी एक पंचमांश फरक वर्गावर्गांतला असेल आणि प्रत्येक वर्गात २६ मुलं असतील, तर सूत्र असं : १ अधिक (२५ गुणिले ०.२), म्हणजे ६. मुलांच्या संख्येला या ६ नं भागायचं. दहा वर्गांतली २६० मुलं म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४३ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती. लेखकानं हे हिशेबात घेतलंय का, ते विश्लेषणाच्या भागात ‘बहुस्तरीय’ किंवा ‘क्लस्टर’ असे शब्द शोधून कळतं. दोनच वर्ग असतील तर मात्र कुठलंही सूत्र वाचवू शकत नाही.

पायरी ६ : आकडा केवढा?

‘पी ०.०५ पेक्षा कमी’ याचा अर्थ ‘परिणाम मोठा आहे’ असा होत नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगानं क्वचितच दिसला असता, इतकाच त्याचा अर्थ. हजारो मुलं घेतली तर नगण्य फरकही या चाळणीतून पार होतो. बघायचं ते परिणामाचं आकारमान, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत, याच्या मापाच्या) किती पट आहे.

०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, ही संख्याशास्त्रज्ञ कोहेन यांची पट्टी पाठ्यपुस्तकांत असते. शाळेतल्या मोठ्या प्रयोगांना ती लावली तर सगळंच क्षुल्लक दिसेल. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये सुचवलेली पट्टी मला जास्त उपयोगी वाटते. कार्यकारण नीट तपासणाऱ्या आणि शैक्षणिक संपादणूक मोजणाऱ्या अभ्यासांत ०.०५ च्या खाली लहान, ०.२० पर्यंत मध्यम आणि त्याच्या वर मोठा. म्हणून कुणी १.५ किंवा २ असा आकडा सांगितला तर आनंदण्याआधी पायरी ३ वर परत जा. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिलं की एकास एक शिकवणीनं मूल दोन प्रमाण विचलनं वर जातं, आणि आजही शिकवणीचं नवं अॅप आलं की हा आकडा बाहेर काढला जातो. त्यामागचे प्रयोग थोड्या दिवसांचे, एखाद्या घटकापुरते आणि त्याच घटकावरच्या चाचणीचे होते. २०११ मधल्या व्हॅनलेन यांच्या आढाव्यात माणसानं घेतलेल्या शिकवणीचा सरासरी परिणाम ०.७९ निघाला. तोही भरपूरच आहे, पण दोन नव्हे.

पायरी ७ : काय दाखवलं नाही?

सुरुवातीला २०० मुलं आणि शेवटच्या तक्त्यात १४६ असतील, तर ५४ कुठं गेली? कंटाळून गेली असतील तर उरलेली मुलं मुळातच जास्त प्रेरित आहेत. किती गोष्टी मोजल्या आणि किती छापल्या, हेही ताडून बघा. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी दाखवलं की विश्लेषणात चार साध्या सवलती घेतल्या, म्हणजे सोयीचं माप निवडणं, अधूनमधून निकाल बघून मुलं वाढवणं वगैरे, तर खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर जाते. यासाठी लबाड असावं लागत नाही, आशावादी असलं तरी पुरतं. यावर उपाय पूर्वनोंदणीचा : काय मोजणार आणि कसं तपासणार, हे प्रयोगाआधीच जाहीर नोंदवून ठेवणं. निबंधात तशी नोंद असेल तर ती उघडून छापलेल्या निकालाशी ताडा.

पायरी ८ : एकट्या निबंधावर थांबू नका

शिक्षणाच्या १०० आघाडीच्या नियतकालिकांचा इतिहास चाळून मेकल आणि प्लकर यांनी २०१४ मध्ये सांगितलं की पूर्वीचा अभ्यास पुन्हा करून पाहणारे निबंध ०.१३ टक्के आहेत. मूळ लेखकांपैकी कुणीच त्यात नसेल, तर तोच निकाल परत मिळण्याचं प्रमाणही घटतं. म्हणून कोणताही निबंध वाचला की पुढं काय झालं ते शोधा.

‘बुद्धी वाढवता येते’ या मनोभूमिकेच्या (‘ग्रोथ माइंडसेट’च्या) संशोधनाचा प्रवास यासाठी बघण्यासारखा आहे. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांनी फार आशा लावली. २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम ०.०८ निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ६५ शाळांतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवरचा पूर्वनोंदणी केलेला प्रयोग आला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन उपक्रमानं मागे असलेल्या मुलांचा ग्रेड पॉइंट, म्हणजे विषयांतल्या श्रेणींची सरासरी, सुमारे ०.१० नं वाढला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका मोठ्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही. ‘खरं की खोटं’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘कुणाला, किती, कोणत्या परिस्थितीत’ असं विचारलं तर मिळतं : काहींना, थोडं, कधीकधी.

एकत्रित विश्लेषण म्हणजे अंतिम निकाल असंही नाही. बक्षिसांनी आतली ओढ मरते का, यावर १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी अनेक अभ्यास एकत्र करून ‘एकंदरीत नाही’ म्हटलं. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ अभ्यास घेऊन ‘हो’ म्हटलं. फरक पडला तो कोणते अभ्यास धरले, आणि कंटाळवाणी कामं व मुळात आवडीची कामं एकाच पोत्यात भरली की नाही, यानं. तेव्हा तिथंही निवडीचे निकष वाचा.

मुलाखती आणि निरीक्षणांवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासांना वरच्या बहुतेक पायऱ्या लागू होत नाहीत, आणि म्हणून त्यांना कमी लेखणं हा अडाणीपणा आहे. तिथं मी वेगळं बघतो. संशोधक वर्गात किती काळ बसला? मुलांचे शब्द जसेच्या तसे आलेत का? त्याच्या मताला छेद देणारं मूल निबंधात कुठं दिसतं का? सगळीच मुलं एका सुरात बोलत असतील तर संशोधकानं ऐकलंच नाही, असं समजावं. मात्र बारा मुलाखतींवरून टक्केवारी काढली असेल तर निबंध खाली ठेवा.

पायरी ९ : स्वतःच्या वर्गात उतरवण्याआधी

इतकं पार करून एखादी पद्धत पटली, तर लगेच वर्षभरासाठी सुरू करू नका. दोन सारखे घटक निवडा आणि नाणं उडवून ठरवा कोणता नव्या पद्धतीनं शिकवायचा. दोन्हींना वेळ सारखाच द्या. चाचणीचे प्रश्न शिकवण्याआधी, शक्यतो दुसऱ्या शिक्षकाकडून काढून घ्या. चाचणी घटक संपल्यावर तीन आठवड्यांनी, न सांगता घ्या. एकाच वर्गावर केलेल्या या खटाटोपातून जगाला सांगण्यासारखं काही निघणार नाही, पण पद्धत राबवताना कुठं अडतं, ते कळेल. सुरुवात करण्यापूर्वी किती फरक पडेल असं तुम्हाला वाटतं, तो आकडा आणि किती पडला नाही तर पद्धत सोडाल, तो आकडा, असे दोन्ही एका चिठ्ठीवर तारीख घालून लिहा. चिठ्ठी पाकिटात बंद करून सहकाऱ्याकडे द्या, आणि उत्तरपत्रिका तपासून गुण मांडून होईपर्यंत परत मागू नका.